झोपेचा अभ्यास कोण करणार?

आपल्या चळवळीत जागं राहण्याला मोठा मान आहे. अभ्यासिकेत रात्र काढणारा विद्यार्थी, पहाटे झाडू घेऊन निघणारी आई, रात्रपाळी करून दिवसा पत्र्याच्या खोलीत पडणारा बाप, या सगळ्यांच्या कष्टाचं आपण कौतुक करतो. त्यांच्या न झालेल्या झोपेचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तो मांडायचा तर संशोधक लागतो, आणि संशोधकाला अनुदान लागतं. म्हणून झोपेवर काम करू पाहणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांच्या अनुदानाचा प्रश्न मी इथे जातीचा प्रश्न म्हणून मांडते आहे.

झोप हा किरकोळ विषय नाही. शरीरातलं घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं हे फळमाशीवर प्रयोग करून दाखवणाऱ्या हॉल, रोझबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. रात्रपाळीचं काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. भारतालाही हे शास्त्र नवं नाही. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या घड्याळावर काम केलं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात आणि निम्हान्समध्ये झोपेवर संशोधन होत आलं आहे.

कमतरता आहे ती प्रश्न विचारणाऱ्यांची. चेन्नईतल्या ४५२ कमी उत्पन्नाच्या माणसांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं अंथरुणात साधारण आठ तास असत, पण प्रत्यक्ष झोप मिळे साडेपाच तास. उकाडा, गोंगाट, डास. पंखा, गादी, कानातले बोळे असं साहित्य देऊन झोप रोज सुमारे २७ मिनिटांनी वाढवली, तरी कामात फरक दिसला नाही. कामाच्या ठिकाणी दुपारी थोडी डुलकी घेऊ दिली तेव्हा मात्र काम सुधारलं आणि मनालाही बरं वाटलं. म्हणजे नुसते तास वाढवून भागत नाही, तुटक झोपेचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. अभ्यास मोलाचा आहे. तो करणारे अर्थतज्ज्ञ अमेरिकी विद्यापीठांतले होते.

त्याच्या पुढचे प्रश्न कुठून येतील? नाल्याकाठची, कचरा डेपोशेजारची वस्ती कुणाच्या वाट्याला येते? पहाटेची सफाई कोण करतं? घर जाळलं जाईल या धास्तीने पहारा देणाऱ्या गावकुसाबाहेरच्या माणसाची झोप कोणत्या यंत्रात दिसते? हे प्रश्न त्या वस्तीतून आलेल्या माणसाला पुस्तकात शोधावे लागत नाहीत.

प्रश्न कोण निवडतो यावर पैसा कुठे जातो हेही ठरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी आहे, हे २०११ मध्ये आकडेवारीने दिसलं. २०१९च्या पुढच्या विश्लेषणातून कळलं की या तफावतीचा पाचवा हिस्सा विषयाच्या निवडीमुळे होता. कृष्णवर्णीय संशोधक लोकसमूहांच्या आरोग्याचे विषय जास्त निवडत, आणि त्या विषयांनाच पैसा कमी मिळे. अमेरिकेला हे कळलं, कारण तिथे मोजणी झाली.

आपल्याकडे २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं आणि जुनं एसईआरबी त्यात विलीन झालं. नवोदितांसाठी पंतप्रधानांच्या नावाची योजना आहे: तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. राखीव प्रवर्गांना वयात सवलतही आहे. पण दारावरची अट आहे ती कायम पदाची. एसईआरबीच्या काळात अनुसूचित जाती-जमातींसाठी जी वेगळी योजना होती, तिच्यातही हीच अट होती. महाराष्ट्रात पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे किती आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. दिल्लीपासून हैदराबादपर्यंत त्यांना 'अतिथी' म्हणतात. पाहुण्याला अनुदान मिळत नाही. वयाची सवलत घ्यायला आधी दारात तरी उभं राहता आलं पाहिजे.

कायम पदाशिवाय हिशेब कोण देणार, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर देशातच आहे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम यांच्या इंडिया अलायन्सची नवोदितांची फेलोशिप कायम नोकरी नसलेल्यालाही मिळते, यजमान संस्था असली की झालं. तिथे चालतं, तर इतरत्र का नाही?

त्याआधीची पायरीही निसरडी आहे. कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, पण ती वेळेवर आली तर. झोपेचं संशोधन रात्री चालतं. सहभागी माणसाच्या डोक्याला तारा लावून पहाटेपर्यंत पडद्यासमोर बसावं लागतं, आणि एक रात्र बुडाली तर नोंद बुडते. घरून पैसे येणारा विद्यार्थी हप्ता लांबला तरी थांबतो. घरी पैसे पाठवणारा शिकवण्या धरतो आणि विषय सोडतो. २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केली गेली. २०२५ मध्ये परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना पत्रं मिळाली, कारण सांगितलं निधीचं.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं, कारण मुदत संपली होती. पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. त्या जिद्दीपुढे आपण नतमस्तक होतोच. पण शंभर वर्षांनीही प्रत्येक पोराकडून तीच जिद्द मागणारी व्यवस्था स्वतःचं अपयश आपल्या कौतुकाखाली झाकते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक योजनेत अर्ज किती आणि मंजूर किती, हे प्रवर्गनिहाय दरवर्षी जाहीर करा. नवोदित कोण, हे पीएच.डी.नंतरच्या वर्षांवरून ठरवा, आणि तासिका व कंत्राटी प्राध्यापकांना अर्ज करू द्या. निवड समित्यांत आमची माणसं बसवा. सफाई कामगार, ऊसतोड मजूर, रात्रपाळीचे रक्षक यांच्या झोपेला प्राधान्याचा विषय माना. फेलोशिप पगारासारखी महिन्याच्या महिन्याला द्या.

आणि तुमच्यापैकी जे शरीरशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र शिकत आहेत त्यांना एक सुचवते. केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणात माणसाच्या चोवीस तासांची नोंद असते, झोपेसह. घराचा सामाजिक प्रवर्गही असतो. मूळ आकडे नोंदणी करून मोफत मिळतात. लोकांनी स्वतः सांगितलेली झोप यंत्राने मोजलेल्या झोपेइतकी अचूक नसते, चेन्नईने ते दाखवलंच आहे. तरी पहिला तक्ता मांडायला अनुदान लागत नाही. तो मांडा, त्यात काय दिसत नाही तेही लिहा, आणि ते घेऊन अनुदान मागा. नकार आला तर त्याचं कारण लेखी मागा. नकारही मोजायचे आहेत.