क्षारपड रानात ऊस गेला, वैरण तरी येईल का? आधी माती तपासा, मग गवत निवडा

शिरोळ, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत नदीकाठची कित्येक रानं आज पांढरी पडली आहेत. जास्त पाणी, निचऱ्याचा अभाव आणि वर्षानुवर्षं उसावर ऊस, यामुळं पाण्याची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षारही वर आले. ऊस मातीच्या अर्कातली क्षारता १.७ डेसीसायमनच्या पुढं गेली की उत्पन्नात मार खायला लागतो. रान पडीक, आणि दावणीच्या जनावरांना वैरण मात्र विकत! दुधाचा पैसा वैरणीतच जातो, असा हा दुहेरी तोटा आहे.

अशा रानात वैरण येऊ शकते. पण सगळी खराब जमीन एकसारखी नसते, आणि चूक नेमकी इथंच होते. क्षारता ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या आत असेल तर ती क्षारयुक्त जमीन. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती चोपण. चोपणीला जिप्समचा उपयोग होतो. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथं निचरा करून गोड पाण्यानं क्षार धुवून काढावे लागतात. म्हणून मातीचा नमुना उन्हाळ्यात, वरच्या एक फुटाचा आणि त्याखालच्या एक फुटाचा वेगवेगळा काढून तपासावा.

आता गवताचं. रानात पाणी साचत असेल तर पॅरा गवत तग धरतं. दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या ओल्या जमिनीत लावल्या की ते धरतं. चोपण आणि पाणथळ अशी दोन्ही अडचण असेल तर कर्नाल गवत जास्त टिकाऊ आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनं ते अशा जमिनींसाठीच सुचवलं आहे. क्षार आहेत पण पाणी साचत नाही, तिथं ऱ्होड्स गवत चालतं. पावसाळ्यात धैंचा घेऊन गाडला तर मातीला सेंद्रिय खत मिळतं.

संकरित नेपियर आणि लसूण घास इथं लावून बरेच जण फसतात. दोन्ही चांगली वैरण, पण मुळाशी पाणी साचलं की तग धरत नाहीत. लावणी पावसाळ्याच्या सुरुवातीला केलेली बरी, कारण पावसानं वरच्या थरातले क्षार खाली जातात आणि कोवळं रोप वाचतं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पॅरा गवत चरात आणि ओढ्यात पसरतं. चर बुजला की पाणी पुन्हा रानात! तेव्हा कापणी वेळेवर हवी. आणि खारवट रानातली वैरण एकटी घालू नये. सुक्या वैरणीत मिसळून द्यावी आणि जनावरांना गोडं पाणी भरपूर पाजावं.

गवतानं जमीन सुधारायला मदत होते, पण क्षार काढून टाकायचं काम निचऱ्याचंच. सच्छिद्र पाइप पुरायचे तर पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं, म्हणजे ते एकट्याचं काम नाही. गावानं एकत्र बसून चर मोकळे केले नाहीत, तर आजची वैरण उद्या पुन्हा पांढऱ्या रानातच उभी असेल.