पडद्यावरचा रस्ता आणि आजोबांचा परवाना

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक आजोबा आले. वय ७३, एस.टी.च्या चालकपदावरून निवृत्त, आठ वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तक्रार स्वतःच्या प्रकृतीची नव्हती. "डॉक्टरसाहेब, नातू बारावीत आहे. रात्री पडद्यावर मोटारी पळवतो, पोलीस मागे लागले तरी थांबत नाही. हे व्यसन म्हणायचे का? ते यंत्र उचलून माळ्यावर टाकू?"

जे औषध आपण ओळखत नाही, त्याविषयी मत देऊ नये, असा माझा नियम आहे. मी आजोबांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, भाच्याकडून तो खेळ आणला आणि रोज अर्धा तास खेळलो. त्याचे गुणदोष आज आपल्यापुढे मांडतो, कारण असे खेळ आता बहुतेक घरांत शिरले आहेत.

खेळाचे नाव 'नीड फॉर स्पीड हीट'. स्वीडनमधील घोस्ट गेम्स या चमूने तो घडवला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रकाशित केला. अमेरिकेतील मायामी शहरावर बेतलेले पाम सिटी नावाचे एक काल्पनिक शहर त्यात आहे. समुद्रकिनारा, उड्डाणपूल, गोदामे, डोंगरातील वळणे, सारे खुले असते. शर्यत लावा किंवा नुसते भटका, कोणी अडवत नाही.

या खेळाचा पहिला गुण म्हणजे दिवस आणि रात्रीची वाटणी. दिवसा अधिकृत शर्यती होतात आणि त्यांतून पैसा मिळतो. रात्री त्याच रस्त्यांवर बेकायदा शर्यती होतात आणि त्यांतून नावलौकिक मिळतो. रात्री पोलिसांचा रोष जितका वाढेल तितका लौकिक गुणाकाराने वाढतो. मात्र आपल्या गुप्त ठिकाणी सुखरूप पोहोचेपर्यंत तो पदरात पडत नाही. वाटेत पकडले गेलात, तर त्या रात्रीची बरीचशी कमाई जाते. पेट्रोल पंपावर गाडी दुरुस्त होते, पण एका रात्रीत तीनदाच. आता आजी "जेवायला ये रे" अशी हाक मारतात आणि नातू "पाचच मिनिटे" म्हणतो, त्यामागचे कारण आपल्या ध्यानी येईल. तो उद्धट नसतो. कमाई घेऊन घरी निघालेला असतो. त्यात इतर खेळाडूंसमवेत महाजालावर खेळताना खेळ मध्येच थांबवता येत नाही. म्हणून हाक मारण्याऐवजी आधीच ठरवावे: एक रात्र संपली की यंत्र बंद.

दुसरा गुण गाडी सजवण्याचा. इंजिन बदलणे, रंग देणे, धुराड्याचा आवाज जुळवणे यांत मुले तासन्‌तास रमतात. गती आणि आवाज यांचे चित्रणही उत्तम आहे.

आता दोष. शर्यती लवकरच एकसारख्या वाटू लागतात. भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्यांची कथा बेताची आहे आणि भाषाही घरात बोलावी अशी नाही. रात्रीचे पोलीस इतके आक्रमक, की नवख्याची चिडचिड होते. पण वैद्य म्हणून मला सर्वांत मोठा दोष निराळा वाटला. पाम सिटीच्या रस्त्यांवर वाहने आहेत, परंतु पायी रस्ता ओलांडणारे कोणी नाही. काठी टेकत जाणारे आजोबा नाहीत, दूध आणायला निघालेल्या आजी नाहीत. गाडी भिंतीवर आदळली तरी चालकाला खरचटत नाही. काही क्षणांत तो पुन्हा रस्त्यावर असतो. ज्या शहरात कोणाला इजाच होत नाही, तेथे वेगाची किंमत कळत नाही. नातवाशी बोलायचे असेल तर या मुद्द्यावर बोला. शिवाय त्याला हेही सांगा, की आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. किल्ली खुंटीवर टांगून ठेवू नका.

आजोबांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळविकार नोंदला आहे. मात्र खेळण्यावर ताबा न राहणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणे आणि हानी दिसूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारणतः वर्षभर टिकावी लागतात. नातू अभ्यास करत होता, जेवत होता, मित्रांत मिसळत होता. ते व्यसन नव्हते. "माळ्यावर टाकू नका," मी म्हणालो, "शेजारी जाऊन बसा."

सल्ल्याला आणखी एक आधार होता. सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६० ते ८५ वयाच्या व्यक्तींना त्यांनी मुद्दाम तयार केलेला गाडी चालवण्याचा खेळ दिला: वळणाच्या रस्त्यावर गाडी राखायची आणि ठरावीक खूण दिसली तरच कळ दाबायची. महिनाभरात सुमारे बारा तासांच्या सरावाने दोन कामे एकाच वेळी करण्याची त्यांची क्षमता वाढली आणि सहा महिन्यांनीही ती टिकून होती. अर्थात तो प्रयोगशाळेतील खेळ होता. बाजारातील प्रत्येक खेळाला हा गुण लावता येणार नाही.

महिन्याभराने आजोबा पुन्हा आले ते खुलून. नातवाने कळपट्टी त्यांच्या हाती दिली होती. ते सिग्नलला थांबत, नातू हसे. पण दिवसाची एक शर्यत त्यांनी जिंकली होती. त्यांनी पिशवीतून कागद काढला. परवान्याचे नूतनीकरण करायचे होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर माझी सही हवी होती. "रस्ता अजून हातात आहे, डॉक्टरसाहेब."

मी त्यांच्यासमोर बसलो. माझ्या नाकाकडे पाहायला सांगून दोन्ही बाजूंनी बोटे आत आणली. ती त्यांना फार उशिरा दिसली. मानही पुरती वळत नव्हती. मी सही केली नाही, नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. निदान निघाले काचबिंदूचे. बाजूची दृष्टी बरीच गेली होती आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. पडद्यावर सारा रस्ता नाकासमोर असतो, म्हणून खेळात ही उणीव त्यांना जाणवली नव्हती. खऱ्या रस्त्यावर डावीकडून धावत आलेले मूल त्यांना दिसले नसते.

ते माझ्यावर आठवडाभर रागावले होते. तीस वर्षे जे हात प्रवाशांना सुखरूप पोहोचवत होते, त्यांच्याकडून चाक काढून घेणे मलाही जड गेले. आता ते थेंब नियमाने घालतात आणि उरलेली दृष्टी टिकून आहे. संध्याकाळी नातवाशेजारी बसून "इथे ब्रेक लाव" असे सांगतात.

आपल्यासाठी चार सूचना. खेळताना खोलीत दिवा लावा आणि पडद्यापासून दूर बसा. डोळे व अंतर्कर्ण यांचे संदेश न जुळल्याने मळमळ किंवा भोवळ येते. ती येताच थांबा. चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी नुसते पाहतानाही जपावे, आणि अपस्माराच्या रुग्णांनी लखलखत्या दिव्यांचे असे खेळ डॉक्टरांना विचारल्याविना खेळू नयेत. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहा आणि झोपेच्या तासभर आधी खेळ संपवा.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली म्हणून तो टळत नाही. डोळ्यांचा दाब व दृष्टिक्षेत्र तपासून एक वर्ष उलटले असेल, तर या आठवड्यात तपासून घ्या. सोबत नातवाला न्या. परतताना तो आपल्याला रस्ता ओलांडून देईल, आणि पाम सिटीत जे नाही ते त्याला तेथे दिसेल.