आधी मागच्या सीटवर बसा

जुनी पिकअप बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला सांगतो. मग टायर बघतो, फोर बाय फोरची कळ फिरवतो, ड्रायव्हरच्या जागी बसून गाडी गल्लीतून एकदा फिरवून आणतो आणि भावावर येतो. घरच्यांसाठी गाडी घेणार असाल तर क्रम बदला. चालवायचं काम मालकाला करू द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा. हौदा रिकामा असू द्या. रस्ता खड्ड्यांचा आणि वळणांचा निवडा, जवळ घाट असेल तर घाटच घ्या. सोबत आईला न्या, गाडी लागणाऱ्या मुलाला न्या. अर्ध्या तासाने ती माणसं काय म्हणतात, त्यावर पुढची बोलणी करायची की नाही ते ठरवा.

याचं कारण गाडीच्या पोटाखाली आहे. पिकअपच्या मागच्या आसाला पाटे असतात आणि ते ओझं वाहायला बनवलेले असतात. हौद्यात खताची पोती असतील तेव्हा ते दबतात, लवतात, आपलं काम करतात. हौदा रिकामा असला की ताठच राहतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक गचका वर पाठवतात. पुढे बसणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही, कारण पुढच्या चाकांना वेगळी, मऊ स्प्रिंग असते. मागचा प्रवासी मात्र पाट्यांच्या जवळ बसतो. त्यात दुहेरी केबिन हौद्याला जागा सोडून बसवलेली असल्यामुळे मागच्या सीटची पाठ जवळजवळ सरळ उभी असते. दोन तास तसं बसून वरंध घाट उतरणाऱ्या सत्तरीच्या माणसाचे हाल चालवणाऱ्याला आरशात दिसत नाहीत. इसुझूने आपल्या व्ही-क्रॉसच्या मागच्या सीटची पाठ थोडी कलती केली ती २०२४ साली, म्हणजे गाडी भारतात आल्यावर आठ वर्षांनी. जुन्या बाजारात जी व्ही-क्रॉस मिळते ती बहुतांशी त्याआधीची.

तरीही मी जुन्या पिकअपच्या विरोधात नाही. ज्यांचं गावी शेत आहे, आठवड्यातून एकदा तिकडे फेरी होते, जाताना पाइप आणि रोपं न्यायची असतात आणि येताना आंब्याच्या पेट्या आणायच्या असतात, शेवटचा दीड किलोमीटर पाणंद आहे आणि जून ते ऑक्टोबर तिथे चिखल असतो, त्यांच्यासाठी यापेक्षा उपयोगी वाहन नाही. मधल्या आकाराच्या पिकअपचा हा खरा ग्राहक. पण नवी घ्यायची तर टोयोटा हायलक्सची किंमत २०२२ साली बाजारात आली तेव्हाच ३४ लाखांच्या घरात होती. म्हणून जुनीकडे वळणं भाग पडतं, आणि जुन्या पिकअपला जुन्या मोटारीपेक्षा कितीतरी जास्त कठोरपणे पारखावं लागतं, कारण मोटार माणसं वाहते आणि पिकअप काय काय वाहून आली आहे ते कोणी सांगत नाही.

आपल्याकडे निवडायला नावं मोजकीच आहेत. टाटाची झेनॉन आणि महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे या दोन्ही आता बंद झालेल्या गाड्या. भाग मिळतात, गावातला मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकतो आणि भाव सगळ्यात कमी, हे त्यांचे मोठे गुण. झेनॉनचं २.२ लिटरचं डायकॉर इंजिन १४० पीएसचं होतं, ताकदीला आजही कमी नाही. पण चालकासाठी एअरबॅग आपल्या देशात सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून आणि एबीएससुद्धा त्याच वर्षी. त्याआधीच्या गाडीत या दोन गोष्टी आहेत की नाहीत, हे प्रत्येक गाडीपाशी जाऊन बघावं लागतं. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे एकवटलेलं असतं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर हलकं झालेलं मागचं चाक अडकून फरपटतं आणि शेपूट वळते. एबीएस नसलेली पिकअप शेतकामाला ठेवा, मुलांना घेऊन महामार्गावर नेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

मग उरते व्ही-क्रॉस, आणि बहुतेकांनी तीच बघावी असं माझं मत आहे. आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यातून २०१६ साली ती बाहेर पडली तेव्हा शोरूमची किंमत साडेबारा लाखांच्या आसपास होती. सुरुवातीपासून समोर दोन एअरबॅग, एबीएस आणि खरीखुरी फोर बाय फोर. पहिलं इंजिन २.५ लिटरचं, पाच गिअरचं, ३२० न्यूटन मीटर टॉर्कचं. २०१९ साली १.९ लिटरचं इंजिन आणि सहा गिअरची ऑटोमॅटिक आली, आणि २०२१ मध्ये बीएस-६ झाल्यावर त्याच इंजिनाने १६३ पीएसपर्यंत मजल मारली. नवी म्हणजे चांगली असं इथे सरसकट धरू नका. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. रोज शाळा, बाजार, ऑफिस एवढंच चार-पाच किलोमीटर चालवणार असाल तर ती गाळणी तुंबते आणि खर्चात टाकते. अशा घराला मी २०१८-१९ ची सांभाळलेली बीएस-४ गाडी सुचवेन. लांबच्या फेऱ्या नियमित असतील तर २०२१ नंतरची बिनधास्त घ्या. इसुझूची सेवाकेंद्रं टाटा-महिंद्राच्या मानाने फार थोडी आहेत, तेव्हा तुमच्या घरापासून जवळचं केंद्र कुठे आहे ते सौद्याआधी शोधा. सोसायटीतली पार्किंगची जागाही टेपने मोजा. गाडी सव्वापाच मीटरहून लांब आहे आणि अनेक ठिकाणी पट्टे पाच मीटरवर संपतात.

याच गाडीची हाय-लँडर नावाची बहीण आहे. दिसायला तीच, पण फक्त मागच्या दोन चाकांना जोर. स्वस्त मिळते म्हणून लोक भुलतात. पाणंदीतल्या ओल्या चढावर काय होतं बघा: जोर मागच्या चाकांना, वजन पुढच्या चाकांवर, हौदा रिकामा. मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी तसूभर हलत नाही. अशा जागी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी साधी छोटी मोटारही कधीकधी निघून जाते. हाय-लँडर घेतलीच तर पावसाळ्यात हौद्यात मागच्या आसाच्या वर वाळूची पोती ठेवा आणि दोरीने घट्ट बांधा. चिखलाचा रस्ता रोजचा असेल तर मात्र ती घेऊ नका.

आता कागद. गाडीची पाटी पांढरी की पिवळी, हे रंगाआधी बघा. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. त्याहून गंभीर गोष्ट विम्याची आहे. मालवाहू गाडीत फुकट प्रवास करणाऱ्याची भरपाई देण्याचं बंधन विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात दिला. बायको-मुलांना घेऊन फिरायचं असेल तर खासगी नोंदणीचीच गाडी घ्या. पिवळ्या पाटीची कितीही स्वस्त असली तरी नको. फास्टॅग कोणत्या वर्गाचा लावला आहे तेही बघून घ्या, नाहीतर प्रत्येक नाक्यावर मालवाहूचा टोल कापला जातो.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर केलेल्या शिक्कामोर्तबाने राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. तेव्हापासून आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या तिथे पडेल भावात निघू लागल्या आणि दलालांच्या हातून इथवर आल्या. गाडी वाईट असेलच असं नाही. तिथल्या कोरड्या हवेत चेसिस कोकणातल्या गाडीपेक्षा स्वच्छ निघते. पण तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, इथली नवी नोंदणी आणि नव्याने भरायचा कर धरला की वाचलेले पैसे बरेच आटतात. हा सगळा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दिल्लीच्या गाडीला हात लावू नका.

गाडी समोर आली की हौद्यातलं प्लास्टिकचं अस्तर काढायला लावा. मालक कुरकुरला तरी आग्रह धरा. अस्तराखाली पोचे, फाटलेला पत्रा, गंज सगळं लपतं. किनारपट्टीवरची पिकअप मासळी वाहत असेल तर बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं झिरपून हौद्याच्या सांध्यांत आणि खाली चेसिसमध्ये गेलेलं असतं, आणि वरून मारलेला काळा रंग तो गंज फार दिवस झाकत नाही. मग मागे वाकून पाटे मोजा. जास्त माल भरण्यासाठी जादा पाटा चढवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. एक पाटा बाकीच्यांपेक्षा नवा, वेगळ्या रंगाचा दिसला तर ती गाडी क्षमतेबाहेर लादली गेली आहे असं समजा. तिचा क्लच, बेअरिंग, मागचा डिफरन्शियल सगळ्यांनी ते ओझं सोसलेलं असतं, आणि रिकाम्या गाडीत मागे बसणाऱ्याला तो जादा पाटा आणखी आदळवतो.

पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी ओळखणं अवघड नसतं, फक्त घाई करायची नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. धुऊन-पुसून अशा गाड्या लांबच्या शहरात विकायला निघतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. कधीही बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. गालिचा उचलून सीटच्या रुळांवरचा गंज बघा. आणि मेकॅनिकला तिन्ही ठिकाणचं तेल तपासायला सांगा: पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल आणि मधली ट्रान्सफर केस. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे. हे पुराशिवायही होतं. ओढे-नाले पार करण्याची हौस असलेला मालक गाडी पाण्यात घालतो, तापलेला डिफरन्शियल एकदम गार होतो आणि हवेच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढून घेतो.

फोर बाय फोर चालते का, हे डांबरी रस्त्यावर तपासायचं नसतं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, कोरड्या डांबरावर त्यांना घसरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण दांड्यांवर आणि गिअरवर येतो. मोकळ्या मातीत न्या, आधी हाय लावा, मग पूर्ण थांबून न्यूट्रलमध्ये लो लावा आणि सरळ पुढे-मागे करा. दिवा लुकलुकत राहिला, लो पडायला तयार नसला तर भाव पाडा किंवा परत फिरा. अनेक शहरी मालकांनी ती कळ वर्षानुवर्षं फिरवलेलीच नसते आणि यंत्रणा जागच्या जागी जाम होते.

टायरवरचा चार अंकी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर नव्या चार टायरांचे पैसे किमतीतून वजा करा. साध्या चिखलातून नेणारी पहिली गोष्ट टायर असते, दुसरी त्यातली हवा. मऊ मातीत हवा विसाच्या आसपास उतरवली की गाडी कितीतरी सहज निघते, पण डांबरावर यायच्या आत ती परत भरायला हवी, म्हणून हवा भरायचा छोटा पंप सोबत ठेवा. पुढे लोखंडी गार्ड लावलेला असेल तर काढून टाका. केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडण्याची वेळ तो बिघडवू शकतो.

गाडी घेतल्यावर ती कुठे न्यायची याबद्दल माझी मतं कडक आहेत. पाणंद, शेतरस्ता, घाटमाथ्यावरची मुरमाची वाट, जिथे गाडीरस्ता आहे पण डांबर नाही, एवढंच घरच्यांसोबतचं ऑफ-रोडिंग. सड्यावर गाडी घालू नका. पावसाळ्यात उघडा कातळ वाटणाऱ्या त्या पठारावर इंच-दोन इंच मातीत फुलं उगवतात, डबक्यांत बेडकांची पिल्लं असतात, आणि एका टायरची रेघ तिथे वर्षानुवर्षं दिसते. कास ज्या सह्याद्रीचा भाग आहे त्याला २०१२ साली जागतिक वारसा म्हटलं गेलं, पण त्याच जातीचे बिननावाचे सडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात जागोजाग आहेत आणि तिथे रखवालदार नाही. समुद्रकिनारीही तेच. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि पिकअपचं दोन टन वजन त्या घरट्यांवरून जातं तेव्हा चालवणाऱ्याला काही कळतही नाही. भरतीत रुतलेली गाडी काढताना होणारी फजिती सगळ्यांना दिसते, वाळूखालचं नुकसान दिसत नाही.

मुलांना हौद्यात कधीच बसवायचं नाही. देवळापर्यंत, शेताच्या टोकापर्यंत, कितीही हळू, तरीही नाही. तिथे पट्टा नाही, छप्पर नाही, आणि एका आडव्या आलेल्या कुत्र्यासाठी दाबलेला ब्रेक पुरेसा होतो.

घरात रोज पाच माणसं प्रवास करणार असतील, त्यांतले दोघे वयस्कर असतील आणि हौदा महिन्यातून एकदाच भरणार असेल, तर मला पत्र लिहून कोणती पिकअप घेऊ विचारू नका. जुनी फोर बाय फोर स्कॉर्पिओ बघा आणि सामानाला टेम्पो सांगा. बाकीच्यांनी व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या समोर बसून घ्याव्यात, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, आणि नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत आरटीओत द्यावा. तोवर गाडी गावी नेऊ नका.