चित्र काढता येणे पुरेसे नाही

मागील पालकसभेत एका आईने आम्हाला मोबाइलवर एक जाहिरात दाखविली. काही आठवड्यांत, घरबसल्या 'आर्ट थेरपिस्ट' होण्याचा कोर्स! मुलगी नववीत आहे, चित्रे सुरेख काढते. "सर, पैसे भरू का?" असा त्यांचा प्रश्न होता. त्या दिवशी घाईत "थांबा" एवढेच सांगता आले. कारण येथे सांगत आहोत.

आर्ट थेरपी म्हणजे चित्रकलेचा वर्ग नव्हे. वर्गात गुरुजी रेषा चुकली की सुधारतात. थेरपिस्ट चित्राला गुण देत नाही. ज्याला आपले दुःख शब्दांत सांगता येत नाही, अशा माणसाला रंग, कागद, माती देऊन मोकळे होण्यास तो मदत करतो. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार क्षयरोगाने रुग्णालयात पडून असताना चित्रे काढू लागले. त्यातून मनाला मिळालेली उभारी त्यांनी इतर रुग्णांपर्यंत पोचविली आणि १९४२ मध्ये या कामाला 'आर्ट थेरपी' हे नाव दिले.

पण दुखावलेले मन उघडले, की ते सावरताही आले पाहिजे. वडील गमावलेले मूल कागदावर सगळे काळे फासते, तेव्हा काय बोलावे, केव्हा गप्प राहावे आणि केव्हा डॉक्टरांकडे पाठवावे, हे काही आठवड्यांत शिकता येत नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण आणि सरकारी नोंदणीशिवाय कोणी स्वतःला 'आर्ट थेरपिस्ट' म्हणवू शकत नाही. अमेरिकेतही पदव्युत्तर पदवी लागते.

आपल्याकडे काय? २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत कला व नृत्य थेरपिस्टचा उल्लेख आला आहे. या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३६०० तासांच्या शिक्षणाची असावी लागते. काही आठवड्यांचा कोर्स त्यापुढे किती तोकडा, ते पालकांनीच पाहावे.

मग रस्ता कोणता? बारावीनंतर मानसशास्त्र किंवा ललितकला यांपैकी एका विषयात पदवी घ्यावी आणि दुसऱ्याचा अभ्यास सोबत चालू ठेवावा. ललितकलेसाठी शेजारच्या छत्तीसगडमध्ये खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून आहे. पुढे मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण नागपूरला घेता येते. त्यानंतर कलाधारित उपचाराचे खास प्रशिक्षण घ्यावे. पुण्याची वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग ही संस्था असे प्रशिक्षण देत आली आहे. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करणे तर अत्यावश्यकच. एक लक्षात ठेवावे : 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही वेगळी पात्रता असून तिला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

एवढी वर्षे गेल्यावर नोकरी मिळेल का, असे पालक विचारतील. 'आर्ट थेरपिस्ट' या नावाची पदे आज थोडीच आहेत, हे आम्ही लपवीत नाही. परंतु मानसशास्त्राची पदवी हाती असली तर समुपदेशन, विशेष मुलांच्या शाळा, पुनर्वसन केंद्रे ही दारेही उघडी राहतात. नुसत्या प्रमाणपत्राला ती उघडत नाहीत.

त्या ताईंना आमचे सांगणे असे की पैसे भरू नका, पण मुलीची रंगपेटीही कपाटात ठेवू नका. दहावी आली की चित्रकला बंद, ही आपल्या घराघरांतील रीत आता सोडली पाहिजे.

आणि विश्वस्त मंडळास नम्र विनंती : परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. तो यंदापासून देऊ नये. अकरावीच्या विषयांत मानसशास्त्र घेता येईल का, याचाही विचार व्हावा. खैरलांजीच्या मुलीला हा रस्ता लांब आहेच, निदान त्याची सुरुवात तरी आपल्या शाळेतून व्हावी.