अक्षरांची पाने आणि आपली माणसे

दर वर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर धुळे-जळगावची माणसे लोटतात. १९३७ साली बाबासाहेबांचा तेथे मुक्काम झाला, त्याची ही आठवण. त्या दिवशी आमचे काही माजी विद्यार्थी तेथून परस्पर शाळेकडे वळतात. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका जपानी कंपनीत नोकरी करणारा असाच एक जण आला, तो खाऊऐवजी दोन खोकी घेऊन. एकात शोगी, दुसऱ्यात करुता.

शोगी म्हणजे आपल्या बुद्धिबळाचाच दूरचा भाऊबंद. एक्क्याऐंशी घरे, दोन्ही बाजूंना वीस-वीस सोंगट्या; पण काळे-पांढरे असा भेद नाही. सगळ्या एकाच रंगाच्या. टोक ज्या दिशेला, त्यावरून बाजू ठरते. मारलेली सोंगटी मरत नाही, ती मारणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरते. मुलांना हे फार आवडले, परंतु सोंगट्यांवरची चिनी अक्षरे आडवी आली. तो पट अद्याप कपाटात आहे. करुता मात्र पहिल्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या सतरंजीवर मांडला गेला.

‘करुता’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर पत्ते जपानला गेले आणि तेथे त्यांचे निराळेच रूप झाले. यात पानांचे दोन गठ्ठे. एका गठ्ठ्यातील पानांवर वाक्य, दुसऱ्यातील पानांवर चित्र आणि त्या वाक्याचे पहिले अक्षर. चित्रांची पाने जमिनीवर पसरायची. एकाने वाक्य वाचायचे, बाकीच्यांनी योग्य पानावर झडप घालायची. मुरलेले खेळाडू वाक्य संपण्याची वाट पाहत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात एका पालकांनी कार्यालयात येऊन आम्हाला सरळ विचारले, “गुरुजी, बौद्ध वसतिगृहात पत्ते?” त्यांचा राग आम्हाला समजला. खान्देशात आखाजीला गावोगाव डाव बसतात. झन्नामन्नाच्या नादात बैलजोडी आणि बायकोची पोत गेलेली घरे आमच्या ओळखीची आहेत. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, हा त्यांपैकीच एक. ब्रह्मजाल सुत्तात तर आठ आणि दहा घरांच्या पटांवरचे खेळही आले आहेत, पण ते भिक्खूंनी टाळायचे म्हणून. तेव्हा आम्ही त्या पालकांना एवढेच म्हटले, की दोष पुठ्ठ्यात नाही, पैज लावण्यात आहे. आणि संध्याकाळी बसून बघा. ते बसले. त्यांचे मत बदलले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. मात्र आठवीतल्या त्यांच्या मुलीने सर्वांत जास्त पाने उचलली, तेव्हा ते हसले, हे आम्ही पाहिले.

या खेळाचा एक जुना प्रकार ‘इरोहा’ या कवितेच्या अक्षरक्रमावर बेतलेला आहे. त्या कवितेत सत्तेचाळीस अक्षरे येतात, प्रत्येक एकदाच, आणि आशय अनित्यतेचा. आपल्याकडे अंत्यविधीला ज्या गाथा म्हणतात त्यांच्याच जातीचा. परंपरा तिचे कर्तृत्व कुकाई या बौद्ध आचार्यांकडे देते; अभ्यासक ती नंतरची मानतात. जपानी वर्णमालेचा दुसरा क्रम तर ‘अ, इ, उ, ए, ओ’ असा सुरू होऊन पुढे क, स, त, न असा जातो. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या भिक्खूंच्या अभ्यासातून तो घडला. फळ्यावर तो लिहिताच पाचवीतला मुलगा ओरडला, “ही तर आपलीच!”

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हाला अधिक मोलाचा वाटला तो ‘जोमो करुता’. महायुद्धानंतर जपानी शाळांतील इतिहास-भूगोलाचे जुने पाठ अमेरिकी अंमलाने बंद केले होते. त्या काळात, १९४७ साली, गुन्मा प्रांतात चव्वेचाळीस जोड्यांचा हा संच निघाला. त्यात त्या प्रांतातलेच डोंगर, झरे, माणसे, रेशमाची गिरणी. तेथील मुले आजही त्याच्या स्पर्धा खेळतात आणि मोठेपणीही त्यांना ती वाक्ये पाठ असतात. पाठ्यपुस्तकात आपला जिल्हा चार ओळींत संपतो, ही तक्रार आम्ही तीस वर्षे करीत आलो. असा संच करावा हे सुचले नाही.

मग जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर खान्देशचा संच सुरू झाला, आणि खरे भांडणही. ‘अ’ला अजिंठा हवा, असे बहुतेकांचे मत, जपानी पाहुणे जळगाव स्थानकावर उतरतात ते त्याच्याचसाठी. एकाने नकाशा आणून दाखवले की लेणी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर आहेत. ‘अ’ अहिराणीला गेला. ‘ब’ बहिणाबाईंचा, यावर वाद झाला नाही; लिहिता-वाचता न येणाऱ्या असोद्याच्या लेकीला अक्षरांच्या खेळात पान मिळाले. ‘स’ साने गुरुजींचा ठरला, आणि वाक्यात अमळनेरची शाळा नव्हे, तर विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली पंढरपुरात केलेले उपोषण यावे, असा मुलांनीच आग्रह धरला. ‘फ’ फैजपूरचा, १९३६च्या काँग्रेस अधिवेशनाचा. ‘ख’ खाज्या नाईकांचा. तेव्हा सातपुड्याकडची एक मुलगी म्हणाली, “सर, सगळ्या गठ्ठ्यात भिल्लांचं एकच पान?” आम्ही निरुत्तर झालो. आपल्याला कोणी इतिहासातून वगळले, हे सांगण्यात आमची हयात गेली. आणि आमच्याच सतरंजीवर तीच चूक होत होती. आमचे स्पष्ट मत आहे, की कोणाला पान द्यायचे हे एकट्या शिक्षकाने ठरवू नये, आणि कोणा एका समाजानेही, आपल्यासुद्धा. यादी आता पुन्हा लिहिली जात आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील नावे पाठवावीत. फक्त प्रत्येक नावासोबत सन किंवा ठिकाण असलेले एक खरे वाक्य हवे.

एक पेच अजून सुटलेला नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ने आपल्याकडे शब्द सुरूच होत नाही. जपान्यांनाही अशी अडचण आली होती. त्यांनी शेवटच्या पानावर राजधानीसाठीचे ‘क्यो’ हे चिन्ह घातले. मुलांनी तोडगा काढला, की अशा पानासाठी अक्षर मध्ये असले तरी चालेल. ‘ण’ला पाटणादेवी लगेच मिळाली. ‘ळ’साठी मात्र जळगावची मुले जळगाव म्हणतात, धुळ्याची धुळे म्हणतात आणि मुलींचा एक गट लळिंगवर अडून बसला आहे.