सव्वाआठ फुटांची वाट मोकळी करा

निफाड, दिंडोरी आणि नाशिक तालुक्यांत धावायला जागा उरली नाही, असं म्हणणाऱ्यानं एकदा तलाठी कार्यालयात जाऊन आपल्या गावाचा नकाशा बघावा. त्यावर तुटक दुहेरी रेषांनी गाडीरस्ते दाखवलेले असतात आणि एकेरी तुटक रेषेनं पायवाटा. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. तेवढ्या रुंदीत दोघी शेजारी शेजारी धावू शकतात आणि समोरून डोक्यावर भारा घेऊन येणारीला बाजूला व्हावं लागत नाही. प्रत्यक्ष शिवारात मात्र त्याच वाटेत कुठे द्राक्षमांडवाचा अँगल रोवलेला दिसतो, कुठे दोन्हीकडून बांध कोरून कोरून एक माणूस जेमतेम जाईल एवढंच राहिलेलं असतं, तर कुठे सरळ काटेरी तार. धावणाऱ्यांसाठी नवं काही बांधू नका. ह्या वाटा मोकळ्या करा.

मी नाशिकला बँकेत नोकरी करते. माहेर कादवा नदीच्या काठचं, घरची द्राक्षबाग. सुटीला माहेरी गेले की पहाटे पाटाच्या कडेनं धावते. शहरातल्या जॉगिंग ट्रॅकवरही धावते, पण पाटाच्या रस्त्याची सर कशालाच नाही, आणि त्याला कारण आहे. पालखेड धरणातून निघालेला डावा कालवा निफाडहून येवल्याकडे जातो. पाणी नुसत्या उतारावर चालावं म्हणून कालव्याला अगदी नाममात्र ढाळ दिलेला असतो, आणि त्यासाठी तो टेकाडांना वळसे घालत एकाच उंचीवरून जातो. त्याच्या कडेचा मुरमाचा सेवारस्ताही म्हणूनच जवळपास सपाट असतो. गुडघ्याला काँक्रीटचा दणका बसत नाही आणि वळणावळणानं समोरचं शिवार बदलत राहतं. एका अंगाला बाग, पुढे ऊस, मग कांद्याची रोपं, की पुन्हा बाग. आवर्तन सुटलेलं असलं तर पाण्यावरून येणारा गारवा पाऊलभर अंतरावर सोबत करतो. पावसाळ्यात पाटावरून खाली काळ्या रानात उतरायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं. पन्नास पावलांत बुटाला शेरभर चिखल लागतो.

सगळ्यात सुंदर दिवस डिसेंबर-जानेवारीचे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेलं निफाडचं तापमान तेव्हा पेपरात पहिल्या पानावर येतं. ज्या थंडीचं धावणाऱ्याला कौतुक, तिनंच बागायतदाराची झोप उडालेली असते. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत तेव्हा मणी पाणी धरू लागलेले असतात. पारा फारच उतरला तर मणी तडकतो आणि वर्षाची कमाई हातची जाते. म्हणून पहाटे बागेबागेत शेकोट्या पेटवतात, ओल्या काडीचा धूर करतात, ठिबक चालू ठेवतात. त्या धुरातून धावताना आपण कुणाच्या रानातून जातो आहोत, ह्याचं भान ठेवलंच पाहिजे.

हे भान शहरातून येणाऱ्या धावपटूंना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, म्हणून सांगते. ढगाळ हवा किंवा अवकाळी झाली की डाऊनी आणि भुरी ह्या रोगांच्या भीतीनं फवारण्या सुरू होतात, आणि त्या बहुतेक वेळा पहाटे किंवा रात्री असतात. ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरनं उडवलेला औषधाचा तुषार दोन-तीन ओळी ओलांडून वाटेवर येतो. माझा धाकटा भाऊ मला एकच सांगतो, "ताई, ब्लोअरचा आवाज आला की जागेवर थांबायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं आणि मगच पाय उचलायचा." म्हणजे कानात गाणी घालून शिवारात धावायचं नाही. दुसरी गोष्ट तारांची. द्राक्षाच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला मांडव ताणून धरणारी एक तार तिरपी खाली येते आणि जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेली असते. अंधारात ती दिसत नाही, आणि बरोबर नडगीच्या उंचीवर असते. आमच्याकडे प्रत्येक तारेला जुन्या साडीची चिंधी बांधलेली आहे. सगळ्यांनीच बांधली तर मजूर बायकांचेही पाय वाचतील. उसाच्या कडेनं उजाडण्याआधी एकटं जायचं नाही, बिबट्याचा वावर गोदाकाठाला आता नेहमीचा झाला आहे. आणि घडाला हात लावायचा नाही, एकालासुद्धा. काल काय मारलंय हे बागवाल्यालाच ठाऊक असतं.

एवढ्या अटी मान्य करूनही माझा आग्रह सुटत नाही. तो शहरातल्या हौशी धावपटूंपुरता असता, तर मी वर्तमानपत्रात जागा मागितली नसती.

माझी भाची पोलीस भरतीची तयारी करते आहे. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. निफाड तालुक्यात असं एक गाव दाखवा, जिथे पहाटे पाच वाजता दहा-पंधरा मुलंमुली सराव करत नाहीत. ती धावतात कुठे? डांबरी रस्त्याच्या कडेला. त्याच वेळी पिंपळगावकडे, लासलगावच्या बाजार समितीकडे कांद्याच्या पिकअप आणि ट्रॅक्टर निघालेले असतात, अनेक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. भाची आणि तिच्या मैत्रिणी पांढरा दुपट्टा कमरेला बांधून धावतात, गाडीवाल्याला दिसावं म्हणून. आमच्या वस्तीवरून कादवेकडे उतरणारी वाट नकाशावर आहे. घरच्या थोरल्यांच्या काळात बैलं त्याच वाटेनं पाण्यावर जायची. मधलं रान विकलं गेलं, नव्या मालकानं तार ओढली, आणि तेव्हापासून पोरी डांबरीवर गेल्या. कविता राऊत त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या वाटांवर धावत मोठी झाली आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिनं कांस्यपदक आणलं. त्याच जिल्ह्यातल्या मुलींना आपण ट्रकच्या उजेडात पळायला लावतो आहोत. मला ह्याचा संताप येतो.

पेठ-सुरगाण्याहून छाटणीला आणि विरळणीला येणाऱ्या बायका ह्याच वाटांनी एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात. वाट बंद झाली की त्यांच्या पायाखाली मैलभराचा वळसा येतो, आणि मजुरी मात्र तेवढीच. बागवाल्याचंही तेच. माल निघाला की क्रेट भरलेला ट्रॅक्टर आत-बाहेर करायला रस्ता लागतो. गाडीरस्ता शेजाऱ्यानं अडवला म्हणून तहसीलमध्ये खेटे घालणारे शेतकरी मी लहानपणापासून बघते आहे. धावणारा, मजूर आणि शेतकरी ह्यांचं हित इथे एकच आहे, आणि कायदाही तयार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या मालकीच्या आहेत. कलम १४३ खाली शेतकऱ्याला बांधावरून रस्ता मागता येतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५ प्रमाणे वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतो. पाणंद रस्त्यांसाठी 'मातोश्री' नावाची योजना २०२१पासून आहे. मोजणी करून खुणा गाडण्याची इच्छाशक्ती तेवढी कमी पडते.

फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडोक भागात १९८५पासून द्राक्षबागांमधून मॅरेथॉन होते. लोक वेश करून धावतात, वाटेत वाइनचे पेले असतात. नाशिकलाही असं काही व्हावं, असं सुचवणारे मला भेटतात. व्हावं, हरकत नाही. पण एका रविवारच्या मांडवानं आणि टी-शर्टांनी उरलेल्या वर्षाची वाट मोकळी होत नाही.

नदीकाठाबद्दल मात्र मी उलट बाजूनं बोलेन. नाशिक शहरात गोदावरीच्या पात्रात ओतलेल्या काँक्रीटबद्दल पुष्कळ भांडण झालेलं आहे. २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्तानं पुन्हा काठावर फरशा आणि कठडे येतील, त्यांना 'रनिंग ट्रॅक' म्हटलं जाईल. आम्हा धावणाऱ्यांच्या नावावर ते करू नका. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर २०२०च्या सुरुवातीला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तिथे हिवाळ्यात जलाशयाच्या काठानं धावण्याचा हट्टच धरू नये. पाणथळीत चरणारे बदकांचे थवे एका धावत्या माणसानं उठतात, आणि हजारो मैलांवरून आलेल्या पाखराची ताकद वाया जाते. धावायला मागे गावाचे गाडीरस्ते आहेत, ते पुरेत.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावकऱ्यांनी गाव नकाशाची प्रत भिंतीवर लावावी आणि कुठल्या वाटा बंद आहेत ते नाव आणि गट क्रमांकासह इतिवृत्तात लिहून घ्यावं. ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू होण्याआधी त्यातली एक वाट तरी मोजून घ्यावी, शक्य तर नदीकडे उतरणारी. पाटाच्या रस्त्यावर वाळूच्या गाड्या जाऊ नयेत म्हणून जलसंपदा विभाग लोखंडी आडवे खांब लावतो, ते योग्यच आहे. त्या खांबाच्या बाजूला माणूस सरळ चालत जाईल एवढी फट ठेवायला खर्च काही येत नाही. आणि जिथे मुलं भरतीचा सराव करतात, त्या पाटावर आठशे मीटरच्या दोन टोकांना चुन्यानं रंगवलेले दोन दगड ठेवले, तर त्या पोरींना पावलं मोजत अंदाज बांधावा लागणार नाही.