देश तसा वेश?

‘देश तसा वेश’ ही म्हण आपण अगदी सहज वापरतो. थंडीच्या मुलखात लोकर घालावी आणि उन्हाच्या मुलखात सुती कपडे वापरावेत, एवढाच तिचा अर्थ असता, तर तिच्यावर विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु पोशाख केवळ हवेपासून शरीराचे रक्षण करतो असे नाही. तो माणसाचा धर्म, प्रांत, वय, दर्जा आणि त्याची लाजेची कल्पनाही सांगतो. म्हणूनच परक्या समाजात राहावयास जाणाऱ्याला या म्हणीचा अर्थ नव्याने शोधावा लागतो.

कोकणातील कित्येक घरांतून, तसेच केरळ, तेलंगण, उत्तर प्रदेश यांसारख्या राज्यांतून, असंख्य माणसे पोटापाण्यासाठी आखाती देशांत गेली आहेत. कोणी गवंडी, कोणी परिचारिका, कोणी वाहनचालक, कोणी हिशेबनीस. दुबई, मस्कत किंवा रियाध येथे त्यांना वर्षानुवर्षे राहावयाचे असते. निघण्यापूर्वी पारपत्राची आणि तिकिटाची चौकशी सारे करतात. तेथे कोणते कपडे घालावेत, हा प्रश्न मात्र बहुधा ऐकीव माहितीवर सोडला जातो आणि मग दोन टोके दिसतात. एक म्हणतो, ‘तेथे सारेच सक्तीचे असते.’ दुसरा म्हणतो, ‘मी माझे कपडे का बदलावेत?’ ही दोन्ही मते अपुरी आहेत.

मुळात ‘मुस्लिम देश’ हा एकजिनसी शब्द नव्हे. तुर्कस्तानात कित्येक वर्षे विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना डोक्याला रुमाल बांधून येण्यास मनाई होती. सरकारी नोकरीतील स्त्रियांवरील अशी बहुतेक बंधने २०१३ मध्ये उठली. इराणमध्ये याच्या नेमके उलट घडले. १९७९ च्या क्रांतीनंतर तेथे केस झाकण्याची सक्ती आली आणि १९८३ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. परदेशी स्त्रियाही त्या नियमातून सुटल्या नाहीत. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटकांना व्हिसा देण्यास प्रारंभ केला, तेव्हा परदेशी स्त्रियांनी अबाया, म्हणजे अंगभर झगा, घातलाच पाहिजे असे नाही, मात्र कपडे सभ्य असावेत, असे जाहीर केले. तेव्हा ज्या देशात जावयाचे, त्याच देशाची आजची रीत विचारावी. शेजारच्या देशाची रीत त्याला लावू नये.

आखाती देशांपुरते बोलावयाचे, तर सार्वजनिक ठिकाणी साधारण अपेक्षा अशी की, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि कपडा फार तंग किंवा पारदर्शक नसावा. दुबईतील मोठ्या बाजारसंकुलांत तशा विनंतीचे फलक आढळतात. मस्कत येथील सुलतान काबूस मशीद २००१ मध्ये खुली झाली. ती पाहावयास अन्य धर्मीयांनाही ठरावीक वेळी प्रवेश आहे. मात्र तेथे स्त्रियांनी केसही झाकावे लागतात. आपल्याकडील सलवार-कमीज आणि ओढणी या साऱ्या अपेक्षांत सहज बसते. साडी नेसणाऱ्या स्त्रीने पदर अंगभर घेतला, म्हणजे तिलाही अडचण पडत नाही.

येथे एक गोष्ट विसरली जाते. हे नियम केवळ स्त्रियांसाठी नाहीत. कुराणातील ‘नूर’ या अध्यायात मर्यादेचा उपदेश आला आहे. तो प्रथम पुरुषांना आणि नंतर स्त्रियांना केलेला आहे. बनियन आणि आखूड चड्डी घालून बाजारात फिरणारा पुरुष तेथील कुटुंबवत्सल माणसांना तितकाच खटकतो. पत्नीच्या ओढणीकडे बारीक लक्ष देणाऱ्या पतीने एकदा स्वतःकडेही पाहावे.

मग तेथील लोकांसारखाच पोशाख करावा काय? तशी आवश्यकता नाही. संयुक्त अरब अमिरातीत आणि कतारमध्ये देशाच्या नागरिकांपेक्षा परदेशी रहिवाशांची संख्या कितीतरी अधिक आहे. तेथील पुरुषांचा पांढरा पायघोळ झगा ही केवळ सोय नसून, ‘मी या भूमीचा’ अशी ती खूण आहे. ओमानी पुरुषाची कशिदा काढलेली टोपीही तशीच. कोणी प्रेमाने असा पोशाख भेट दिला, तर तो सणासमारंभाला अवश्य घालावा. एरवी आपल्याच पोशाखात मर्यादेने वावरणे अधिक शोभते. आदर म्हणजे अनुकरण नव्हे.

तसेच आदर म्हणजे सक्तीही नव्हे. मार्था मॅकसॅली या अमेरिकी हवाई दलातील लढाऊ वैमानिक सौदी अरेबियात नेमणुकीवर होत्या. तळाबाहेर पडताना स्त्री सैनिकांनी अबाया घातलाच पाहिजे, असा तेव्हा त्यांच्याच सैन्याचा नियम होता. डिसेंबर २००१ मध्ये त्यांनी आपल्या सरकारच्या संरक्षण खात्याविरुद्ध दावा दाखल केला. पुढच्याच महिन्यात ही सक्ती काढून घेण्यात आली. अंग झाकणारे साधे कपडे घालण्यास त्यांची हरकत नव्हती. जो आपला धर्म नव्हे, त्याचे वस्त्र हुकमाने अंगावर चढविण्यास हरकत होती. हा भेद महत्त्वाचा आहे.

इराणचा इतिहास हाच धडा अधिक कठोरपणे देतो. १९३६ मध्ये रझा शहा यांच्या राजवटीने स्त्रियांच्या बुरख्यावर बंदी घातली. पुढे क्रांतीनंतरच्या राजवटीने केस झाकण्याची सक्ती केली. एका हुकमाने वस्त्र काढले, दुसऱ्याने घातले. स्त्रीला मात्र दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबच्या नियमावरून अटक झालेल्या महसा अमिनी या तरुणीचा कोठडीत असताना मृत्यू झाला आणि देशभर निदर्शने उसळली. पाहुण्याने मर्यादा पाळावी असे म्हणताना, अशा सक्तीचे समर्थन आपल्या तोंडून होऊ नये, याची जाणीव ठेवावयास हवी. ज्या स्त्रिया आपल्याच देशात वस्त्राच्या निवडीसाठी झगडतात, त्यांच्याविषयीही आदर असू शकतो.

‘माझे कपडे हा माझा प्रश्न आहे,’ असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु आपणही नांदेडच्या गुरुद्वारात डोके झाकतो, देवळात पादत्राणे बाहेर ठेवतो, गोव्यातील चर्चमध्ये अंग झाकून जातो. त्यामुळे आपले स्वातंत्र्य गेले असे आपणांस वाटत नाही. अबुधाबीजवळ २०२४ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदू मंदिरातही भाविकांकडून अंग झाकणाऱ्या पोशाखाचीच अपेक्षा केली जाते. याचा अर्थ मर्यादेची ही भाषा एका धर्माची मिरासदारी नव्हे. फरक इतकाच की, देवळातून आपण तासाभरात घरी परततो. परदेशी राहणाऱ्याला मात्र तीच मर्यादा रोज, शेजाऱ्यांच्या समोर पाळावी लागते.

म्हणून परदेशी निघताना तेथील माणसांना कशाने संकोच वाटतो, हे जाणून घ्यावे. कायदा काय सांगतो, हे वेगळे विचारावे आणि तो पाळावा. त्यापुढे जे करावयाचे, ते भीतीने नव्हे, तर समजून उमजून करावे. आपला वेश टाकून न देता तो दुसऱ्याच्या अंगणात शोभेल असा ल्यावा, हाच ‘देश तसा वेश’ या म्हणीचा आजच्या काळाला साजेसा अर्थ होय.